चष्म्याची पोच

रविवार, ५ जानेवारी. महाळुंगे.

उद्या निघतो. धारवाड. चारशे चाळीस किलोमीटर, सायकलवर. सायकल भोसरीतून घेतलेली जुनी आहे, सातपैकी चारच गिअर पडतात. चार पुरेत.

आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "बस हाय की रं धारवाडला." म्हटलं, बसनं कोणीपण जातं. "मग तू बी कोणीपणासारखा जा की." दादांनी, म्हणजे वडलांनी, टीव्हीवरून नजरसुद्धा काढली नाही. "कॉलेज अर्ध्यात सोडलं, आता सायकल तरी पुरी कर म्हणावं त्याला." समोर बसून आईमार्फत बोलतात माझ्याशी.

हे सगळं रोज लिहिणार आहे. वही भरली की तनुजाला द्यायची. बोलताना माझं डोकं फिरतं आणि भलतंच होतं, लिहिताना निदान खोडता येतं.

तर तनुजा, तुला माहीतच आहे, पण नीट सांगतो. त्या दिवशी कॉलेजच्या पार्किंगमध्ये मी आपल्या वर्गातल्या शेखरला मारलं ते चूकच. पण त्यानं तुला गाडीवर बसवलं होतं. तू मध्ये आलीस, माझं कोपर लागलं, तुझा चष्मा पडला. भुवईपाशी थोडं खरचटलं तुला. मग सर आले, मी त्यांनाही उलट बोललो, आणि दुसऱ्या दिवसापासून गेलोच नाही. तू परीक्षा दिलीस, कंपनीत ट्रेनी लागलीस, सहा महिन्यांसाठी धारवाडच्या प्लँटला गेलीस. त्या गडबडीत चष्मा माझ्याकडेच राहिला. नवी काच बसवून घेतलीय, डबी नवी घेतलीय. तुझ्या हातात देणार आणि तुझ्या तोंडून "माफ केलं" ऐकणार. एवढंच काम आहे धारवाडला.

निघतोय म्हणून मेसेज केला. एकच टिक आली. तिकडे रेंज नसावी. डीपी पण दिसत नाही हल्ली, कंपनीचा काही नियम असेल.

सोमवार, ६ जानेवारी. सांगवी, मावशीकडे.

चौतीस किलोमीटर. हसायचं त्यानं हसावं.

सकाळी सहाला निघालो आणि पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये सापडलो. तळेगाव-चाकण रस्त्यावर पुढं कंटेनर, मागं कंटेनर, मध्ये मी. एका ट्रेलरवाल्यानं खेटून कट मारला. मी त्याच्या दारावर पाण्याची बाटली आपटली. तो खाली उतरला. कॉलरी धरायच्याच बाकी होत्या, तेवढ्यात वरून आवाज आला, "ए लेकरा, हेल्मेट काढ. डोकं तापलंय तुझं, जरा हवा लागू दे."

वर बघितलं आणि बघतच राहिलो.

माणूस गाडी चालवत होता, पण गाडीच नव्हती. दोन लांबच लांब लोखंडी तुळया, सहा चाकं, पुढं उघडं इंजिन, त्यावर स्टिअरिंग. केबिन नाही, काच नाही, दार नाही, छप्पर नाही. दोरीनं आवळलेल्या एका लाकडी फळीवर साठीचा म्हातारा मफलर-गॉगल लावून बसलेला, जसा काय घरच्या ओट्यावर बसलाय. आणि त्याच्या मागं तशाच दहा गाड्या. अकरा सांगाडे, अकरा माणसं, थंडीत उघड्यावर.

ट्रेलरवाला पण बघत होता. भांडण राहिलंच.

जाम होता म्हणून बोलता आलं. नाव सावळाराम, मूळचा परभणीकडचा. कंपनीतून ट्रकचा नुसता सांगाडा निघतो, त्याला हे लोक चासी म्हणतात. ती बेळगावला न्यायची, तिथं केबिन आणि बॉडी चढते. "म्हणजे अर्धीच गाडी नेता तुम्ही?" "अर्धी तर अर्धी. माझ्या वाटंची तेवढीच हाय."

मला कसंतरीच झालं, कारण ती गाडी आमच्याच शेतातून निघाली होती. जिथं दादा बाजरी करायचे तिथं आता कंपनीचं यार्ड आहे. पोरवयापासून समोर ते गेट बघतोय. पण गेटातून निघालेली गाडी पुढं अशी, माणसाच्या पाठीवर ऊन-वारा घेत जाते, हे मला एकवीस वर्षांत माहीत नव्हतं.

हँडलच्या पिशवीत चष्म्याची डबी खडखडत होती. सावळारामनी वरून नायलॉनच्या दोरीचा तुकडा टाकला. "ह्यानं बांध ती. काय हाय त्यात?" "चष्मा. एकीचा." "बरं." पुढं काही विचारलं नाही. जाम सुटला, अकराच्या अकरा निघून गेले. मी फूटपाथला पाय टेकून शेवटचा दिसेनासा होईपर्यंत बघत होतो.

पुढच्या रस्त्याच्या कामात चाक वाकलं. म्हणून मावशी. म्हणून सांगवी.

मंगळवार, ७ जानेवारी. खेड शिवापूर.

कात्रजचा चढ. दोनदा उतरलो, एकदा रडलो. जास्त लिहायला बोटं वळत नाहीत.

तनुजाला लोकेशन पाठवलं. एकच टिक.

बुधवार, ८ जानेवारी. सुरूरच्या अलीकडे, एका मंगल कार्यालयाच्या ओसरीत.

खंबाटकी घाटात अर्ध्यावर पंक्चर. सोल्यूशन वाळलेलं. मी रस्त्याच्या कडेला बसून स्वतःला शिव्या घालत होतो, तेवढ्यात खालून एक बाई आल्या. पंजाबी ड्रेस, डोक्याला रुमाल, कॅरिअरवर वळकटी, आणि सायकल हातात धरून चालत.

"पंक्चर? सरक तिकडं."

पाच मिनिटांत काढलं. वर "हवा कमी भर, टायर गरम हाय" असा दम.

नाव सुमनताई. सांगवीच्याच! मावशीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. भोसरीच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये सव्वीस वर्षं पोळ्या केल्या. कंपनीची बस न्यायची, कंपनीची बस आणायची. रिटायर झाल्यावर सायकल घेतली आणि आता एकट्या गोकर्णला निघाल्यात, समुद्र बघायला. "समुद्र अलिबागला पण आहे की." "अलिबागला आमचे हे आले असते संगं."

चढ आला की उतरून चालतात. "चढाला मी हिला चालवते, उताराला ही मला. हिशेब फिटला." सव्वीस वर्षं पहाटे चारला उठलेली बाई. मला वाटलं होतं मी काहीतरी जगावेगळं करतोय. घाटमाथ्यावरून खाली सगळं खोरं दिसत होतं, उसाच्या बैलगाड्या मुंगीएवढ्या. सुमनताई कठड्याला टेकून म्हणाल्या, "बसमधनं ह्ये असलं दिसत न्हाई रे." डोळे भरले होते त्यांचे. माझेपण. वारा होता.

मग चहा पिताना त्यांना सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे.

"तिनं बोलावलंय?"

"सरप्राइज आहे."

"म्हंजे न्हाई."

त्यांनी चष्म्याची डबी दोरी न सोडता हलवून बघितली. "काच नवी घातली म्हनतोस. मग जुनी कुठं गेली?"

"फुटली."

"फुटली ते कळलं. पडलेला चष्मा फुटला का तोंडावरचा?"

मला आठवेना. खरंच आठवेना. मी उठलो, म्हटलं तुम्ही कोण मला विचारणार, आणि सायकल काढून उतारावर सोडली. ब्रेक न लावता. मागून त्यांनी हाकही मारली नाही.

त्यांची पंक्चरची डबी माझ्याकडेच राहिली. त्यांना पुढं गरज पडली तर? हा विचार सुरूरपाशी आला. दीड तास थांबलो रस्त्यावर. आल्या नाहीत, दुसरीकडे मुक्काम केला असणार.

गुरुवार, ९ जानेवारी. उंब्रज.

आज विश्वास बसणार नाही असं झालं.

दुपारी हॉटेलात मिसळ खात होतो. बाहेर सांगाडे येऊन थांबले. मी धावत बाहेर. पहिल्याच फळीवर सावळाराम!

"आँ? तू अजून हितंच?"

"तुम्ही अजून इथंच?" मी म्हटलं.

सगळे हसले. त्यांनी परवा बेळगावला गाडी दिली, रात्रीच्या बसनं परत महाळुंगे, काल झोप, आज पहाटे नवीन गाडी उचलली. माझं एकदा जाणं होईस्तोवर त्यांचं जाऊन, येऊन, परत जाणं. गाडी वेगळी, फळी तीच. फळी स्वतःची असते, ती काखेत मारून बसमध्ये चढतात. "कंडक्टर तिकीट मागत नाही तिचं?" "मागतेत की. म्हणतो, उभीच ठिवतो, बसवत न्हाई."

चेहरा बघितला जवळून. गॉगलची जागा गोरी, बाकी काळाठिक्कर, ओठ फुटलेले. एकोणीस वर्षं. मी विचारलं, पावसात काय करता. म्हणाले, "पावसात भिजतो." जणू मी काही येड्यासारखं विचारलं.

"आजपर्यंत किती गाड्या नेल्या असतील?"

"मोजल्या न्हाईत."

"नंतर रस्त्यात कधी दिसते का? ही मी नेलेली, असं?"

त्यांनी चहा बशीत ओतला. "दिसत असंल. वळखू येत न्हाई. रंग, केबिन, नाव, झालरी लावतेत. समदी वेगळीच दिसती." मग फुंकर मारून म्हणाले, "चांगलंच हाय की. तिनं का माझ्यासाठी तशीच उघडी फिरायची?"

हे मी तसंच्या तसं उतरवून ठेवलंय. का, ते सांगता येत नाही. पायडल मारताना सारखं कानात येत होतं.

शनिवार, ११ जानेवारी. निपाणी.

आज मिनलनं फोन उचलला. मिनल म्हणजे तनुजाची मैत्रीण, आमच्याच वर्गातली, तीपण तिथंच ट्रेनी आहे. दोघी एकाच खोलीत राहतात.

"कुठं आहेस तू?"

"निपाणीला. मंगळवारी पोचतो. तिला सांग."

मग म्हणाली, "रविराज, ती म्हणाली, येऊ नको."

म्हटलं, तिनं सांगावं मला. रागावली असेल. मी चारशे किलोमीटर सायकल हाणत येतोय, हे बघितल्यावर राग राहणार आहे का?

"तिनं तुला ब्लॉक केलंय जूनमध्ये. तुला खरंच कळलं नाही?"

मी शिवी दिली. मिनलला नाही, अशीच. ती म्हणाली, "बघ, हेच." आणि मग, "तीन टाके पडले होते तिला. भुवई तुटलीय मधून, तिथं केस येत नाहीत आता. सकाळी आरशापुढं पेन्सिलनं भरते ती जागा. रोज."

फोन कट.

मला टाक्यांचं कोणी सांगितलं नव्हतं. कोणीच नाही. मी विचारलं नव्हतं.

बाटली भिरकावली, रस्त्यापलीकडे उसाच्या ट्रॉलीला लागली. ट्रॅक्टरवाल्यानं बघितलं आणि न थांबता गेला. तो थांबला असता तर बरं झालं असतं, मारामारी तरी झाली असती.

पडलेला नव्हता. तोंडावरचा होता. आठवलं.

सोमवार, १३ जानेवारी. बेळगाव.

काल काहीच लिहिलं नाही. काल नुसती सायकल मारली.

परत फिरावंसं वाटत होतं आणि पुढं जावंसंही. तिला तोंडानं सांगितलं की मला टाके माहीत नव्हते, तर? एकदाच. लांब उभा राहून. तिच्या गेटसमोर, शिफ्ट सुटताना. ती बघेल तर बघेल.

बेळगावच्या अलीकडे मागून हॉर्न. बघायची गरजच नव्हती. "अरे मर्दा, तू तर आमच्याच वाटणीला आलास!" तिसरी गाडी. आज त्यांचा मुक्काम जवळच होता. म्हणाले, "चल, बघ तर कुठं देतो ते." बॉडी बांधायच्या यार्डापर्यंत मी त्यांच्या मागं मागं सायकल हाणली. अकरा सांगाड्यांच्या मागं एक सायकल. लोक थांबून बघत होते.

यार्डात गाडीचा मालक बायकामुलांसह आला होता. हार, नारळ, लिंबू. मालकीणबाईंनी इंजिनला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली. मालक म्हणाला, "हां, आता पहिलं चाक!" त्यांच्याच माणसानं चार फूट गाडी पुढं घेतली, लिंबं चिरडली, पोरीनं टाळ्या वाजवल्या.

पहिलं चाक! साडेतीनशे किलोमीटर उन्हातान्हात चालून आलेली गाडी. मी सावळारामना म्हटलं, "सांगा ना त्यांना!"

"काय सांगू? त्यांचं पहिलंच हाय."

गाडी द्यायच्या आधी ते फळी सोडवत होते तेव्हाच मी बघितलं होतं. दोरीची गाठ साडेतीनशे किलोमीटरच्या हादऱ्यानं दगडासारखी बसलेली. कापली नाही. नखानं, दातानं, दहा मिनिटं लावून सोडवली. म्हणाले, "चालवायला काय न्हाई, सोडवायलाच वेळ लागतो." मग ऑफिसातल्या माणसाकडून कागदावर सही-शिक्का घेतला. पोच. गाडी मिळाली याची पावती. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बनियनच्या खिशात.

नारळाचा तुकडा कोणी दिला नाही. ते थांबलेही नाहीत. फळी काखेत, गेटाबाहेर. मागं त्यांची गाडी हारात उभी, सगळे फोटो काढतायत.

"एकदा वळून तरी बघा."

"बस चुकंल."

एवढा मोठा माणूस मी बघितलेला नाही. शपथ. बसस्टँडच्या गर्दीत ती फळी डोक्यांवरून पुढं जात होती, तेवढीच दिसत होती. मी बघत राहिलो.

मंगळवार, १४ जानेवारी. धारवाड.

दोन वाजता प्लँटचं गेट. शिफ्ट सव्वातीनला सुटते. समोर चहाची टपरी, बाकडं, झाडाची सावली. थांबायला सगळी सोय.

पाऊण तास बाकड्यावर बसलो. चहावाला म्हणाला, कोणाची वाट बघताय? मी म्हटलं, कोणाची नाही. तोंडातून तसंच निघालं.

उठून डबीची दोरी सोडवायला घेतली. सोमवारी बांधलेली, आठ दिवसांची गाठ. बसली होती पक्की. चाकू होता पिशवीत. काढला नाही.

गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला डबी दिली. म्हटलं, ट्रेनी तनुजा, महाराष्ट्राची, तिला द्या. त्यानं रजिस्टर उघडलं. मराठी येत होतं त्याला, थोडं वाकडं. "कुणाकडून? नाव?"

चारशे चाळीस किलोमीटर मी ते नाव घेऊन आलो होतो. रस्ताभर हाच विचार, की नाव ऐकून तिचा चेहरा कसा होईल. आणि आता खरंच डोळ्यांपुढं आला तो चेहरा, पेन्सिलनं भरलेल्या भुवईसकट.

"चष्मेवाला, महाळुंगे," म्हटलं.

"फोन नंबर?"

"नको. पोच द्या फक्त."

तो हसला. "कुरिअर हो काय?" पण चिठ्ठीवर शिक्का मारून दिला. वेळ : २.५५.

सायकल फिरवली. दोन-अडीच किलोमीटरवर असेन, तेव्हा भोंगा झाला. वळून बघितलं नाही. पाय मात्र थांबले. थांबले ते थांबले, कितीतरी वेळ. तिला न भेटताच का परत फिरलो ते मलाच नीट समजत नाही. भित्रा म्हणतील पोरं. म्हणोत.

गुरुवार, १६ जानेवारी. महाळुंगे.

सायकल बसच्या टपावर, मी आत. येताना ते सगळे चढ-उतार काचेतून सरकत गेले. सुमनताई म्हणाल्या ते खरं, बसमधून काहीच दिसत नाही. खंबाटकीला वाकून वाकून बघितलं. त्या आता पार पुढं असतील. समुद्र दिसलाही असेल. त्यांची पंक्चरची डबी सांगवीला नेऊन द्यायची आहे, आणि जे बोललो त्याबद्दल बोलायचंय.

आई म्हणाली, "काळा पडलास." दादा थेट माझ्याशी बोलले. "पुरी केली का?" म्हटलं, जाताना केली. "बरं."

दुपारी मिनलचा मेसेज. "तनुजा विचारतेय, चष्मेवाला परत गेला का? शनिवारपासून ती ड्यूटी सोडून खोलीबाहेर पडली नाहीये. ड्यूटीला पण आम्ही चौघी मध्ये घेऊन नेतो तिला. खरं सांग."

शनिवारपासून. मी निपाणीत होतो तेव्हापासून. मी लोकेशन पाठवत होतो, ती बघतेय असं समजून. ती खिडकीतून रस्ता बघत होती.

मी बाहेर आलो, यार्डाच्या गेटापाशी उभा राहिलो. आमचं शेत होतं तिथं. मिनलला लोकेशन पाठवलं आणि लिहिलं, "गेला. घरी आहे. परत येणार नाही." दोन टिक आल्या. मग निळ्या झाल्या.

"दिसलं," तिचं उत्तर आलं. "सांगते तिला. आज आम्ही बाजारात जाऊ मग."

ही वही तनुजाला द्यायची नाही.

मी तिथंच उभा होतो. गेट उघडलं, आतून इंजिनांचा आवाज. पहिला सांगाडा बाहेर आला आणि माझ्यासमोर थांबला. मी बरोब्बर मध्ये उभा होतो.

"ए लेकरा! दिलास का चष्मा?"

"दिला."

"पोच घेतलीस?"

"आत्ताच आली."

सावळारामनी गॉगल खाली ओढला, फळीवर नीट बसले. "मग हो की बाजूला. जाऊ दे गाडी."

मी बाजूला झालो. अकराच्या अकरा गेल्या, उघड्या, नव्याकोऱ्या, अजून कोणाच्याच न झालेल्या. शेवटची जाईपर्यंत उभा होतो.